हिराकाकीची उखळी

हिराकाकी,

तुझ्यावर दोन पानं लिहून द्यायला सांगितलंय मला. यंदाच्या उत्सवाच्या स्मरणिकेत तुझा फोटो छापायचा आहे आणि शेजारी मजकूर. अध्यक्षांनी शेवटचं वाक्य आधीच तयार करून दिलंय, मला नुसतं वरचं भरायचं आहे. वाक्य असं : 'काकींच्या उखळीच्या बाराची परंपरा आपल्या आळीने आजही अखंड ठेवली आहे.' त्यांचा दोष नाही. त्यांना खरंच तसं वाटतं. तसं वाटावं अशी सोय उत्सव कमिटीचा चिटणीस म्हणून मीच करून ठेवली होती.

चार दिवस कागद पुढ्यात घेऊन बसतोय. तुझं माहेर कुठलं, लग्न होऊन गास गावात कधी आलीस, हे सगळं लिहून झालं आणि खोडूनही झालं. तुझंच तुला काय सांगायचं? सांगायचं होतं ते निराळंच, आणि ते तू अंगणात खुर्ची टाकून बसायचीस तेव्हा सांगायला हवं होतं. तू जाऊन आज सोळा दिवस झाले. आता धीर आलाय. कारण उघड आहे, आता तू माझ्याकडे बघणार नाहीस.

नव्या बिल्डिंगांतली माणसं मला विचारतात, उखळी म्हणजे काय हो? मी सांगतो, हातभर उंचीचं बिडाचं भांडं, त्यात दारू ठासायची आणि लांब काठीने बत्ती द्यायची. मग ते विचारतात, वर काय उडतं, रंग कुठले दिसतात. मी म्हणतो, काही उडत नाही, रंग नाही, नुसता बार. मग त्यात बघायचं काय, असा त्यांचा रास्त प्रश्न असतो. बघायचं काहीच नव्हतं, काकी. तो बार बघायला आलेल्यांसाठी नव्हताच. जे येऊ शकत नाहीत त्यांच्यासाठी होता.

चैत्रातल्या पालखीला तीन बार. पालखी देवळातून उचलली की पहिला, बावखलाच्या, आपल्या तळ्याच्या, काठाशी पालखी टेकली की दुसरा, परत देवळात आली की तिसरा. पहिल्या बाराला आळीतल्या दारादारात निरांजन लागायचं. वाडीत पाणी सोडून बसलेला माणूस मोटर बंद करून कपाळाला हात लावायचा. अंथरुणाला खिळलेले म्हातारे पडल्या पडल्या हात जोडायचे. शेजारची मारियाबाय क्रुसाची खूण करायची आणि आपल्या सुनेला सांगायची, हिराचा देव निघाला. बार ऐकला की दर्शन झालं, असा आपल्याकडचा साधा हिशेब होता.

काका गेले त्या वर्षी बार कोण देणार म्हणून सभा भरली होती. काकांच्या उजव्या हाताची दोन बोटं उखळीनेच नेली होती हे सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे उमेदवारांची काही रांग लागली नाही. तू मागे बायकांत बसली होतीस, तिथूनच म्हणालीस, मी देते. एका वडीलधाऱ्यांनी घसा साफ करून विचारलं, विधवा बाई पालखीपुढे कशी चालेल? तू उठून उभी राहिलीस.

"उखळी देवळाच्या बाहेर अस्ते. बाहेर मना कोन अडवते?"

कोणी अडवलं नाही. त्यानंतर तीस-बत्तीस वर्षं आळीचा देव तुझ्या हातच्या बारावर निघाला. काकांच्या शेजारी बसून तू सगळं आधीच शिकून घेतलं होतंस, रुईच्या काटक्यांचा कोळसा पाडण्यापासून ठासणीचा शेवटचा ठोका कुठे थांबवायचा इथपर्यंत. तुझा एकच दंडक होता, उखळीजवळ चपला घालून यायचं नाही. अध्यक्ष असो की आमदाराचा माणूस, चपला काढल्याशिवाय तू बत्ती हातात घ्यायची नाहीस. लोकांना वाटायचं हे देवाचं सोवळं. मी एकदा विचारलं तेव्हा तू हसून म्हणालीस, सोवळं कसलं, बार पायातून वर येते, चपलीत अडकून राहिला तर काय उपयोग.

तेव्हा मला ती गंमत वाटली होती. पण तुझे कान गेल्यावर ती गंमत राहिली नाही. डावा कान पूर्ण गेला, उजव्याला तोंड लावून बोलावं लागायचं. उखळीनेच घेतले, तू म्हणायचीस, काकांची बोटं घेतली, माझे कान, आता फिटला तिचा आमचा व्यवहार. पण बार तुला इतरांपेक्षा आधी कळायचा. इतकंच काय, पानवेलीच्या वाफ्यात उभी राहून पाणी कुठवर मुरलंय ते तू तळव्याने सांगायचीस आणि सुमनला मोटर बंद करायला लावायचीस. सुमन, तुझी लेक, चिडायची, डोळ्यांनी बघू दे की जरा. बघितलं की तूच बरोबर निघायचीस.

खरं तर तुझं दारूकाम उखळीपुरतं नव्हतं. तुळशीच्या लग्नाला तू मातीचे भुईनळे भरायचीस, आळीतल्या प्रत्येक वृंदावनापुढे एक. पिवळं-पांढरं कारंजं, माणसाच्या कमरेएवढं, आणि जळत असताना झऱ्यासारखा आवाज. मग वसईच्या बाजारात शिवकाशीचे खोके आले. पोरांना हिरवा, जांभळा हवा होता आणि तुझ्या नळ्यात रंग एकच. एका वर्षी तुझे नऊ नळे तसेच राहिले, कोणी न्यायला आलं नाही. पुढच्या वर्षी तू केलेच नाहीस, आणि न केल्याचं कोणाच्या लक्षातही आलं नाही. माझ्याही आलं नाही. मीही त्या वर्षी मुलीसाठी एक डबा आणला होता, पेटवला की साठ वेळा आकाशात उडणारा.

नंतर त्या डब्यांचाही जमाना मागे पडायला लागला. आता लग्नाच्या हॉलमध्ये मशीन असतं. मिक्सरएवढा काळा डबा, रिमोट दाबला की ठिणग्यांचं कारंजं, धूर नाही, वास नाही, हात घातला तरी भाजत नाही. वसईतल्या एका लग्नात मी तुला ते दाखवायला मुद्दाम स्टेजजवळ नेलं होतं. तू बिनधास्त हात घातलास. थोडा वेळ ठेवलास. "थंड हाय," इतकंच म्हणालीस आणि जेवायला बसलीस. ते कौतुक होतं की तक्रार, मला कळलं नाही.

आपला वाद तिथूनच सुरू झाला. मी म्हणायचो, काकी, जग बदललं, आळीभोवती सात मजली बिल्डिंगा आल्या, तान्ही पोरं आहेत, दम्याचे पेशंट आहेत, वरच्या मजल्यावरच्या बाईंचा कुत्रा तुझ्या बाराने दोन दिवस पलंगाखालून निघत नाही. तू म्हणायचीस, वर्षाला तीन बार. तुमच्या बिल्डिंगीचा जनरेटर दिवसाला तीन तास वाजते, त्याचं कोनाला काय नाय. मी म्हणायचो, काकांची बोटं आठव. तू म्हणायचीस, ती मी रोज आठवते, तू कशाला आठवून देतोस. मग मी चहा मागायचो आणि वाद तसाच राहायचा.

एक सांगतो, आणि हे तुला पटणार नाही. बार बंद झाला ह्याची मला आजही लाज वाटत नाही. मी जे बोलत होतो त्यात थोडं तरी खरं होतं. पोलीस ठाण्यात सोसायट्यांचे अर्ज गेले होते, ती माणसंही खोटी नव्हती. परवाना अजून काकांच्या नावावर होता, तो नव्याने करायचा तर कागदांचा व्याप होता, आणि तो व्याप मी केला नाही. फॉर्म दोनदा आणून कपाटात ठेवला. बंद करायचा होता तर तुझ्या अंगणात येऊन, तुझ्या उजव्या कानाशी तोंड नेऊन सांगायला हवं होतं की काकी, यंदापासून बार नाही. तू भांडली असतीस. चार दिवस बोलली नसतीस. मला ते चार दिवस नको होते, म्हणून मी मधला मार्ग काढला. आळीत माझी तीच ख्याती आहे, मधला मार्ग काढणारा चिटणीस.

पालखीच्या महिनाभर आधी मी दुपारचा आलो आणि म्हणालो, तुझ्या बाराचं रेकॉर्डिंग करून ठेवूया, आठवण म्हणून. तू इतकी खूश झालीस की मला तिथेच काहीतरी टोचलं होतं, पण मी ते दाबलं. तू ठेवणीतलं लुगडं नेसून आलीस. उखळीला खोबरेल चोळून बावखलाच्या काठावर नेऊन मांडली. उरलेली दारू काढलीस. मी ऑफिसातून परस्पर आलो होतो, पायात बूट. तू काठी हातात धरून माझ्या बुटांकडे बघत राहिलीस, मी काढेपर्यंत. मग बत्ती दिलीस.

इतकी वर्षं मी पालखीपुढे चपला घालूनच लांब उभा असायचो, त्यामुळे तो माझा पहिलाच बार होता असं म्हणायला हरकत नाही. तळव्यातून निघून गुडघ्यांतून वर आला आणि दातांत थांबला. बावखलातलं पाणी थरथरलं. तू माझ्याकडे बघितलंस, कळला ना, अशा नजरेने. मी मान हलवली. मग मोबाइल तुझ्या उजव्या कानाला लावून ते रेकॉर्डिंग ऐकवलं. तू डोळे मिटून ऐकलंस.

"आवाज बरा आयला. बार कुठं हाय ह्यात?"

मी हसलो. तुझ्या विनोदाला हसावं तसा हसलो, कारण ते रेकॉर्डिंग देवळाच्या कर्ण्यावरून वाजवायचं आणि बाहेर कोणाला सांगायचं नाही, असं कमिटीत आधीच ठरवून आलो होतो.

पालखीच्या आठ दिवस आधी पुन्हा आलो. म्हणालो, तुझे गुडघे दुखतात, गर्दी असते, यंदा तू दारात बसून दर्शन घे. बार द्यायला भिवंडीकडून एक माणूस येतोय, परवानेवाला. असा कोणी माणूस नव्हता, काकी. मी तो तुझ्या ओट्यावर बसून, तुझा चहा पिता पिता तयार केला. तू माझा रिकामा कप उचललास. मग आत जाऊन काकांची ठासणी घेऊन आलीस, दीड वीत लांबीची, बाभळीची, हात लागून लागून काळी तुळतुळीत झालेली. म्हणालीस, त्याला दे, आपल्या उखळीला हीच बसते. आणि त्याला सांग, चपला काढ.

मी ती स्कूटरच्या डिकीत ठेवली. अजून तिथेच आहे. भाजीची पिशवी ठेवताना, रेनकोट काढताना ती आतल्या आत गडगडते. खाई त्याला खवखवे म्हणतात ते काही उगाच नाही, बायको म्हणाली ते काय वाजतंय, तर मी तिच्यावर ओरडलो होतो.

पालखीच्या संध्याकाळी सगळं छान झालं. मला तसं म्हणायला हवं, कारण सगळ्यांनी मला तसंच सांगितलं. पालखीपुढे दोन मशीनं, ठिणग्यांची कारंजी, वरून रंगीत कागदांचा पाऊस. पालखी उचलली तसं मी मोबाइलवर बोट ठेवलं आणि कर्ण्यावरून तुझा बार झाला. बऱ्याच जणांनी कपाळाला हात लावले. दारांतून निरांजनं लागली. अध्यक्ष माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, खरा वाटतो रे अगदी. बिल्डिंगवाले खूश, पोलीस खूश, म्हातारे खूश. सुमनसुद्धा मशीनं बघायला देवळापाशी आली होती; बार भिवंडीवाला देवळामागून देतोय, असंच तिलाही सांगितलं होतं. तुझ्या दारात तू एकटीच होतीस.

पालखी तुझ्या अंगणाशी आली तेव्हा तू खुर्चीवर ताठ बसली होतीस, दोन्ही पावलं जमिनीला टेकवून. शेजारच्या स्टुलावर ओवाळणीचं ताट. ताटात निरांजन, आणि ते लावलेलं नव्हतं. तू बाराची वाट बघत होतीस. वाजंत्री तुला ऐकू आली नव्हती, तू वळून बघितलंस तर देव दारात. तू धडपडून उठलीस. काड्यापेटी हातातून पडली. पहिली काडी वाऱ्याने विझली, दुसरीचा गूल उडाला. भोई थांबले होते. पालखी परत आणायची वेळ पोलिसांना लिहून दिली होती, आणि मी घड्याळ बघितलं. मी हात वर करून पुढे चला म्हणून खूण केली, काकी. ती खूण माझीच होती. तू ह्या घरात सून होऊन आल्यापासून तुझ्या दारातून देव पहिल्यांदाच न ओवाळता गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आलो तर तू ओट्यावर बसली होतीस. रात्रीचं लुगडं बदललं नव्हतंस.

"बार चुकला का रे मना? झाला ना बार?"

मी म्हणालो, तिन्ही झाले.

"पायातून पन कळला नाय."

इथे मला खरं बोलता आलं असतं. एका वाक्याचं काम होतं. मी तुझ्या कानाशी वाकलो आणि म्हणालो, "वय झालं काकी आता. असं व्हायचंच."

तू मान हलवलीस, आणि मग खाली आपल्या पावलांकडे बघितलंस. एखाद्या जुन्या माणसाने विश्वासघात केल्यावर त्याच्याकडे बघावं तसं बघितलंस, असं लिहिणार होतो. पण विश्वासघात पायांनी केला नव्हता, तो तुझ्या कानाशी वाकून उभा होता.

त्यानंतर तू आळीत सगळ्यांना सांगायला लागलीस की माझे पाय गेले. सुमन रोज संध्याकाळी खोबरेल गरम करून तळवे चोळायची. मग ती म्हणाली, डॉक्टरला दाखवूया, साखर वगैरे असेल. मीच रिक्षा करून तुम्हा दोघींना वसईला घेऊन गेलो. डॉक्टरांनी तुला डोळे मिटायला सांगितले आणि कापसाचं टोक तळव्यावरून फिरवलं. कुठे लावलं, कधी लावलं, तू दर वेळी अचूक सांगितलंस. अंगठ्याशी, टाचेला, मधे. डॉक्टर म्हणाले, ह्या वयात असे पाय मी बघितले नाहीत, काही झालेलं नाही आजींना. परत येताना रिक्षात सुमन पलीकडे, मधे तू, अलीकडे मी. तू आपली पुटपुटलीस, डॉक्टरला काय कळते, त्याने कुठं बार दिलाय कधी. मी बाहेर बघत होतो. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

घरी आल्यावर सुमनने तुला मऊ तळाच्या चपला आणल्या आणि तू त्या घातल्यास. तू चपला घालून अंगणात चालताना बघून मी दोन महिने तुझ्या दारावरून जाणं टाळलं, मागच्या रस्त्याने ऑफिसला जायचो. तू वाडीत जाणं सोडलंस. पाय कळत नायत, कुठं वेलीवर पडेन, म्हणालीस. पाण्याचा अंदाज सुमनला येईना. एका हिवाळ्यात पाणी जास्त होऊन पानवेलीची मुळं कुजली. तिने मला सांगितलं तेव्हा मी तिला औषधाचं नाव शोधून दिलं. बघ, मदतीला मी कायम तयार.

पुढच्या वर्षीच्या पालखीला तू निरांजन दुपारीच लावून बसलीस. चार वाजल्यापासून. तेल संपलं की घालायचीस, वात सरली की पुढे ओढायचीस. पुन्हा चूक नको म्हणून. संध्याकाळी पालखी आली तेव्हा तू ओवाळलंस आणि मला म्हणालीस, ह्या वर्षी पन नाय कळला रे, पण दिवा लावला होता मी. शाळेतल्या पोरीने बाईंना सांगावं तसं सांगितलंस. मी म्हणालो, चांगलं केलंस. त्या रात्री मी जेवलो नाही, पण न जेवल्याने काय होतं? सकाळी आलो का तुझ्याकडे? नाही आलो.

कितीदा तरी ठरवलं होतं. एकदा तर फाटकापर्यंत येऊन, ठासणी हातात घेऊन परत गेलो. मनात यायचं, आता सांगून काय साधणार, उगाच म्हातारीला त्रास. हे तुझ्या काळजीचं सोंग होतं. सांगितलं असतं तर त्रास मला होणार होता.

आणि मग ह्या माघातली ती दुपार. वाडीला लागून नव्या टॉवरचा पाया घालायला यंत्र आलं. मी तुझ्या ओट्यावर बसलो होतो, सुमनने पोपटीच्या मडक्यात भाजलेल्या शेंगा दिल्या होत्या त्या सोलत. तू चपला काढून पाय उन्हात सोडले होतेस. यंत्राचा पहिला ठोका पडला आणि तुझा हात कपाळाकडे गेला. डोळे मिटून तू हात जोडलेस. दुसरा ठोका पडला. तू डोळे उघडून माझं मनगट धरलंस.

"बार झाला?"

मी सांगितलं, बार नाही, बिल्डिंगचं मशीन आहे. तू पावलं उचललीस, पुन्हा टेकवलीस. तिसऱ्या ठोक्याची वाट बघितलीस. तो आला. तुझ्या चेहऱ्यावर आधी आनंद होता, तो मी बघितला आहे, आणि मग तो हळूहळू कशात तरी बदलत गेला.

"पाय जिते हायत रे माझे. मग त्या दिवशी काय झाला?"

देवाने माझ्यापुढे आणून ठेवलेली ह्याहून सोपी संधी कुठली असणार? मी शेंग सोलत राहिलो. यंत्र चालू होतं. तू माझं मनगट सोडलं नव्हतंस. बऱ्याच वेळाने तूच म्हणालीस, त्या भिवंडीच्या मानसाला ठासता आला नसंल. "त्याला बोलू नको हां. पोटासाठी फिरनारा मानूस. एकदा माझ्याकडे घेऊन ये, मी दाखवीन त्याला."

तुला कळलं होतं का, काकी? मी ते वाक्य सोळा दिवस उलटून पालटून बघतोय. कधी वाटतं, तू खरंच त्या माणसाची कीव केलीस. कधी वाटतं, त्याला घेऊन ये म्हणालीस ते मलाच, आणि तो माणूस तुझ्या शेजारीच बसून शेंगा खातोय हे तुला पक्कं ठाऊक होतं. तू मनगट का धरून ठेवलंस? मी पळून जाऊ नये म्हणून की मला जरा आधार म्हणून? मी म्हणालो, आणतो. आणि खरंच सांगतो, मी ठरवलं होतं, रविवारी त्या माणसाला घेऊन यायचं, म्हणजे मी एकट्याने यायचं आणि सांगायचं. शुक्रवारी तुला ताप आला. रविवारी आम्ही तुला अंगणात जमिनीवर ठेवलं होतं.

सगळे एकेक करून पाया पडत होते. माझी पाळी आली तेव्हा मी वाकलो तो उठेचना. लोकांना वाटलं, पुतण्याचा फार जीव होता. तुझी पावलं इतकी स्वच्छ होती, सुमनने तेल लावून ठेवली होती, टाचेच्या भेगांतली वाडीची माती मात्र शेवटपर्यंत निघाली नव्हती. मला त्या तळव्यांना सांगायचं होतं. ओठ हललेही. मागून कोणीतरी खांद्याला धरून मला उठवलं, म्हणालं, वेळ होतोय. माझंच घड्याळ माझ्यावर उलटलं असं म्हणेन, पण एवढी अक्कल तेव्हा नव्हती. ठासणी तुझ्याजवळ ठेवावी असंही मनात आलं, पण मग ती इतके दिवस कुठे होती हे सांगावं लागलं असतं. म्हणजे तुझ्या पायाशी बसूनही मी मधलाच मार्ग काढला.

तू मला काय काय दिलंस हे लिहायला हवं स्मरणिकेत. माझी आई आजारी होती तेव्हाची दोन वर्षं मी तुझ्या हातचं जेवलो, माझ्या नोकरीचे पेढे तू देवापुढे नाही, उखळीपुढे ठेवलेस, माझ्या मुलीला तू पायाने ओल ओळखायला शिकवत होतीस आणि ती मोबाइलवरून डोळे काढत नव्हती तरी तू रागावली नाहीस. हे सगळं खरं आहे. पण ते लिहून मी सुटू बघतोय हे मला दिसतंय, म्हणून एवढ्यावर थांबतो.

अध्यक्षांचं वाक्य मी घेणार नाही. त्यांना फोन केला मघाशी, म्हणालो, परंपरा अखंड नाही, दोन वर्षांपूर्वी तुटली, मी तोडली, तेच छापायचं असेल तर मजकूर देतो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, अरे पण लोकांना बरं वाटतंय ना, कशाला. मी म्हणालो, एका माणसाला बरं वाटत नव्हतं. यंदा कर्ण्यावरून काही वाजणार नाही. मशीनं लावायची तर लावू देत, त्यांनी कोणाला फसवलेलं नाही.

उद्या सकाळी सुमनकडे जाणार आहे. हे कागद आधी तिला वाचून दाखवीन, छापखान्यात मग. डिकीतून ठासणी काढीन. चपला फाटकाबाहेर काढीन. ती मला आत घेईल की नाही ठाऊक नाही. तिने दोन वर्षं रोज संध्याकाळी तेल गरम केलंय. तिने हाकललं तर तुझ्या खुर्चीपाशी, अंगणातच उभा राहून वाचीन. पण तिच्याआधी ते तुला सांगायचं आहे, उजव्या कानाशी वाकून, तेव्हा सांगायला हवं होतं तसं.

काकी, तुझ्या पायांना काहीही झालं नव्हतं. बारच झाला नव्हता.